इंजिनाखालची चुंबळ

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी झाली नि शाळा सुटली. त्यानंतर लिहायचं म्हणजे सही करण्यापुरतंच. 'इंजिन' हा शब्द इथे पुन्हा पुन्हा येणार आहे आणि तो दर वेळी वेगळा पडला असेल. तेवढी चूक पोटात घाला. खरं तर कुणाला दाखवायला हे लिहीत नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. कागद काही विचारत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या सायकलीला इंजिन आहे. मोटारसायकल नव्हे. साधी पुरुषी सायकल, तिच्या मधल्या मोकळ्या जागेत नारळाएवढं पेट्रोलचं इंजिन बसवलेलं. आधी पायडल मारायचं, वेग आला की हँडलवर दाबून धरलेला क्लच सोडायचा, मग ते फट् फट् करत पेटतं आणि चढालासुद्धा ओढून नेतं.

मी भाकऱ्या थापते. तांदळाच्या आणि नाचणीच्या. हिंजवडीत एक खानावळ आहे, तिथे दुपारी कंपन्यांतली पोरं आणि बांधकामावरची माणसं जेवतात. त्या खानावळीच्या मावशी माझ्याकडून भाकऱ्या घेतात. आधी मी टोपली घेऊन फाट्यापर्यंत चालत जायची आणि मिळेल त्या गाडीने माणपर्यंत, पुढे पुन्हा चालत. पोचेपर्यंत भाकरी गार. मावशी म्हणायच्या, "गार भाकरीला मी भाव कसा देऊ?" आमचे हे सूसला एका सोसायटीवर वॉचमन. दिवसभर तिकडेच. त्यांच्या हाती भाकऱ्या पाठवायची सोय नव्हती.

तेव्हा अक्कांनी दोन शेळ्या विकल्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या घरात पूर्वी मेंढ्याही होत्या, आता नुसत्या शेळ्या आहेत आणि त्या अक्काच राखतात. त्या बोलायला लागल्या की डोंगरापलीकडच्या माणसालाही कळतं काय चाललंय. मी मागितलं नव्हतं. मला मागता आलंच नसतं. त्यांनीच एक दिवस नोटा माझ्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाल्या, "जा, त्या मिस्त्रीला घरातल्या जुन्या सायकलीला इंजान लावाय सांग. पर एक ध्यानात ठेव. पैसं फिटेस्तवर सायकल माझी. तू नुसती वर बसनार."

"व्हय," मी म्हणाले.

"आन एका पैशाचं बी नुसकान केलंस तर इकून टाकीन भंगारात."

"व्हय."

मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान आमच्या गावच्या रस्त्यालाच आहे. वयस्कर माणूस, नात्याने सासऱ्यांच्या जागी, म्हणून मी त्यांना मामा म्हणते आणि डोक्यावरून पदर घेऊनच समोर जाते. इंजिन बसवून झाल्यावर त्यांनी मला नट फिरवायचे दोन पाने दिले आणि दाखवलं. इंजिन सायकलीच्या नळ्यांना पुढून एका आणि मागून एका पट्टीने धरलेलं असतं. त्या पट्ट्या बोल्टांवर आवळायच्या. "सूनबाई, हे लई थरथरतं," मामा म्हणाले. "थरथरलं का नट उतरतो. रोज निघायच्या आदी पाना लावून बगायचा. ढिला असंल तर आवळायचा. पर मरणाचा न्हाई आवळायचा, आटे मरतात." आटे म्हणजे बोल्टावरच्या त्या गोल रेषा. त्या झिजल्या की नट नुसता फिरत राहतो, धरत नाही.

मी मान हलवली. पण मामांनी सांगितलं तसं मी केलं नाही, आणि त्याचं कारण लाजच.

पुरुषी सायकलीवर साडी नेसून बसता येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी पंजाबी ड्रेस घातला. त्यात त्या इंजिनाचा आवाज. गावातून ते चालू करून निघाले की दारादारात बायका यायच्या. "निगाली बया इमान उडवत," एक जण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. म्हणून मी सायकल शेवटच्या घरापर्यंत हातात धरून ढकलत न्यायची. तिथून पुढे कुणी दिसत नसलं की पायडल मारायची. येतानाही तसंच. लोकांना वाटायचं, हिचं इंजिन कायमच बंद पडतं. वाटू दे, मला ते चालायचं.

नट तपासायचे तर सायकलीशेजारी उकिडवं बसावं लागतं आणि खाली वाकून बघावं लागतं. तसं अंगणात बसायची मला लाज. मग मी सायकल घरात घेऊन, दार लावून ते काम करायची. घरात उजेड कमी. पाना बोल्टावर बसला की नाही हे बोटांनीच चाचपायचं. कधी वेळ नसला की तेही राहायचं. रस्त्यात खडखड वाढली तरी मी थांबत नसे. थांबलं की कुणीतरी पुरुषमाणूस येणार, "काय झालं वहिनी?" विचारणार. त्यापेक्षा खडखड बरी.

या खडखडीने भाकऱ्या मोडायला लागल्या. टोपली मागच्या कॅरिअरला बांधलेली. तांदळाची भाकरी गरम असताना मऊ असते, पण नाचणीची लगेच फाटते. मावशींनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि म्हणाल्या, "अगं बाई, मी भाकरी मागितली होती, तू तर पोहे घेऊन आलीस!"

आत बसलेली पोरं हसली. मी ओढणीचं टोक पिळत उभी राहिले.

दुसऱ्या खेपेला मावशींनी चेष्टा केली नाही. "हे बघ, गिऱ्हाइकाला मी तुकडे वाढू शकत नाही. आणखी एकदा असा चुरा आला तर मी नांदे गावच्या त्या दुसऱ्या भाकरीवाल्या बाईला सांगणार."

त्या दिवशी घरी येताना मी एकच विचार करत होते. भाकऱ्या बंद झाल्या तर अक्कांचे पैसे कशातून द्यायचे? आणि पैसे दिले नाहीत तर सायकल भंगारात. घरी आले, विहिरीवरून पाणी आणायला गेले, डोक्यावर चुंबळ ठेवली, वर हंडा ठेवला, आणि तिथेच मला ते सुचलं.

चुंबळ म्हणजे फडक्याची गोल गुंडाळी. डोक्यावर ओझं घ्यायचं तर आधी चुंबळ. ती असली की हंडा टोचत नाही, डुचमळत नाही, सगळं मऊ बसतं. लहानपणापासून हे माझ्या डोक्याला माहीत. मी म्हटलं, इंजिनाचं ओझं सायकलीला टोचतंय, म्हणून ती थरथरते. तिलाही चुंबळ पाहिजे.

घरात जुनी फाटकी ट्यूब होती. तिच्या पट्ट्या कापल्या. दार लावलं. पुढच्या पट्टीचे नट सोडले, इंजिन आणि नळी यांच्यामधे रबराची चांगली जाड घडी सारली, आणि वरून पुन्हा नट आवळले. मग मागच्या पट्टीचंही तसंच केलं. कुणाला विचारलं नाही. मामांना विचारायला जायचं म्हणजे दुकानात बसलेल्या माणसांसमोर बोलायचं.

दुसऱ्या दिवशी सायकल खरंच मऊ चालली. हात झिणझिणले नाहीत. भाकऱ्या आख्ख्या पोचल्या. मावशी म्हणाल्या, "आता कशी!" मला इतका आनंद झाला की येताना मी शेवटच्या घराच्या जरा आत येईपर्यंत इंजिन बंदच केलं नाही.

पण नट ढिले व्हायला लागले. आधी चार दिवसांनी एखादा ढिला व्हायचा, आता रोज सगळे. मी आवळायची. आवळला की रबर दबायचं, नट आणखी फिरायचा, मला वाटायचं छान आवळला गेला. मग मी आणखी जोर लावायची. पान्यावर टाच ठेवून आवळायची. मामांनी नको म्हटलेलं सगळं मी दाराआड केलं.

माणच्या रस्त्याला, जिथे कंपन्यांच्या गाड्यांची रांग लागते, तिथे एका दुपारी 'कट्' असा आवाज झाला. पुढचा बोल्ट तुटला. इंजिन एका बाजूला कलंडलं, साखळी अडकली, मागचं चाक जागेवर थांबलं आणि मी टोपलीसकट रस्त्यावर. गुडघा फुटला. भाकऱ्या लांबपर्यंत पसरल्या. एका कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर उतरला, "दीदी, लगी क्या?" म्हणाला आणि बिचारा भाकऱ्या गोळा करायला लागला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. खिडक्यांतून पोरी बघत होत्या. एकीने मोबाइल वर धरला. मी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली. गुडघा दुखतोय हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

सायकल कडेला घेतली आणि अक्कांना फोन लावला. आमच्याकडे गाठ सुटली की 'फिटली' म्हणतात. मला तोच शब्द आठवला.

"अक्का, फिटलं."

"काय?"

"इंजान फिटलं ओ."

"फिट झालं? मग बरंच झालं की! बस वर आन जा बिगीबिगी, भाकऱ्या गार व्हतील."

"तसं न्हाई. सुटलं. तुटलं."

"फिटलं का तुटलं, काय ते एक सांग! शेळ्या हिकडं लोकाच्या रानात घुसल्यात!"

मी रडायला लागले तेव्हा त्यांना कळलं. शेळ्या तशाच घराकडे हाकून त्या ओळखीच्या एका पिकअपमधून आल्या. सायकल मागे टाकली. माझ्या गुडघ्याला आपल्याच पदराची चिंधी बांधली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी सरळ मिस्त्रीच्या दुकानात घे. आज बगतेच त्याच्याकडं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. इंजिनाखाली मी काय घातलंय ते गाडीत शेजारी बसून सांगता आलं असतं. रबरानेच बोल्ट तुटला असं मला ठाऊक नव्हतं, पण मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती. दुकान येईपर्यंत मी माझ्या चपलेकडे बघत बसले.

दुकानासमोर बाकावर नेहमीची चार-पाच माणसं बसली होती. अक्का गाडीतून उतरायच्या आतच सुरू झाल्या. "मिस्त्री, भाईर या! माज्या दोन शेळ्या तुमच्या ह्या डबड्यात गेल्या! पोरगी रस्त्यावर पडली, मागनं गाडी आली असती तर? नट आवळाय येत न्हाई तर दुकान कशाला घातलं? म्हसरं राखा म्हसरं!"

मामांनी सायकल उतरवून घेतली, खाली बसले, तुटलेल्या बोल्टाकडे बघितलं. मग पाना लावून मागचे नट सोडायला घेतले. नट फिरत होता आणि अक्का बोलत होत्या. मी गाडीच्या मागे उभी होते. पट्टी निघाली आणि रबराची घडी मामांच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलली, उलटीपालटी केली.

"ही चुंबळ कुनी घातली?"

चुंबळच म्हणाले ते. मी कुणालाही तो शब्द सांगितला नव्हता.

बाकावरचा एक जण म्हणाला, "मिस्त्री, इंजान हिरीवर पानी भराय निगालं आसंल!" आणि सगळे हसले. दुसरा म्हणाला, "न्हाई ओ, डोकं दुखतं त्याचं."

अक्कांनी वळून माझ्याकडे बघितलं. "तू घातलीस?"

मी मान हलवली.

"मिस्त्रीला इचारून?"

मी नाही म्हणून मान हलवली.

मी त्या घरात आले तेव्हापासून अक्कांना कुणापुढे नमतं घेताना बघितलं नव्हतं. जमिनीच्या मोजणीवाल्याशी त्या भांडल्या होत्या, बंगलेवाल्याच्या कुत्र्याने करडू धरलं तेव्हा बंगलेवाल्याशी भांडल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि त्या माणसांसमोर मिस्त्रीमामांना म्हणाल्या, "चुकलं माजं. नगं ते बोलले."

मामा म्हणाले, "असू द्या."

बाकावर आता कुणी हसत नव्हतं. ते हसले असते तर बरं झालं असतं.

सायकल तिथेच ठेवून आम्ही चालत घरी निघालो. मी लंगडत मागे, अक्का पुढे. वाटेत त्या एकदाच थांबल्या. "रबर घातलंस त्येचं न्हाई मला काय. मी भांडाय उतरायच्या आदी सांगायचं व्हतं. तोंड हाय का न्हाई तुला?"

मी लंगडत त्यांच्या मागून चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी गाड्या बदलत गार भाकऱ्या घेऊन खानावळीत गेले. मावशींनी माझा गुडघा बघितला, भाकऱ्या घेतल्या आणि म्हणाल्या, "तुझी सायकल होईपर्यंत निम्म्या तुझ्या, निम्म्या नांद्याच्या बाईच्या. पुढचं पुढे बघू." नुसतं बंद म्हणाल्या असत्या तर मी तिथून पळून गेले असते आणि पुन्हा गेले नसते. निम्म्या म्हणाल्यामुळे रोज जावं लागलं.

नव्या बोल्टांचे पैसे अक्कांनीच दिले. "हे बी त्यातच धर," एवढंच म्हणाल्या. मी दुकानात गेले. मामांनी तुटका तुकडा काढून ठेवला होता आणि नवीन बोल्टही, पण ते त्यांनी बसवले नाहीत. पाने माझ्यापुढे ठेवले आणि स्वतः बाकावर जाऊन बसले. "सूनबाई, आता तू बसव. मी च्या पितो."

बाकावर तीच माणसं होती. मी खाली बसले. हाताला घाम येऊन पाना निसटत होता. मामा तिथून बसूनच सांगत होते. नळी पुसून घे. मधे काही नको, लोखंडाला लोखंड भिडू दे. एक बाजू सगळी आवळू नको, थोडं हिकडं, थोडं तिकडं. जमिनीकडं काय बघतीस, मान वर कर जरा.

"मामा, पर चुंबळ घातली तवा कमी हलत व्हतं," मी म्हणाले. त्या दुकानात मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"तुला कमी हललं. इंजान आतल्या आत जास्त हललं," मामा म्हणाले. "हंड्याखाली चुंबळ असती, कारन बाई चालती आन हंडा डोलतो. डोलू द्यायचा असतो त्येला. इंजान डोलून न्हाई चालत. डोललं का नट फिरला. इंजान आन सायकल येकच हाय असं वाटाय पायजे. तुज्या भाकरीला टोचतंय ना? मग भाकरीखाली घाल की चुंबळ!"

इतकं साधं होतं ते. टोपलीखाली मी गोधडीचा जुना तुकडा घडी करून घातला आणि भाकऱ्या मोडायच्या थांबल्या.

नट आवळल्यावर मामांनी गावाला एक चक्कर मारून यायला लावलं. इंजिन चालू ठेवून, बसून. आल्यावर पुन्हा पाना लावला तर नट थोडे फिरले. "पहिल्यांदा बसतं सगळं," मामा म्हणाले. पुन्हा आवळले, मग प्रत्येकावर आणखी एक नट चढवला, म्हणजे खालचा सुटू लागला तरी वरचा धरून ठेवतो.

एक गोष्ट मात्र माझी मी केली. अक्कांच्या लेकीची लाल नेलपॉलिशची बाटली घरात होती. प्रत्येक नटावरून खाली पट्टीपर्यंत मी एक बारीक रेघ ओढली. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. त्यासाठी पाना लावावा लागत नाही, वाकून बघितलं तरी पुरतं. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "कुंकू लावलंस व्हय त्येला?" बाकावरचे हसले. मीही ओढणीत तोंड घालून हसले, पण लाज गेली नाही. अजून गेलेली नाही. गावात मला चुंबळवाली म्हणतात. अंगणात सायकलीशेजारी उकिडवी बसते तेव्हा जाणारी-येणारी बाई विचारतेच, "काय गं चुंबळवाले, आज मऊ बसलं का?" मी खाली बघून रेघा बघते. दार मात्र आता लावत नाही.

सायकल नीट झाल्यावर मावशींनी हळूहळू सगळ्या भाकऱ्या पुन्हा माझ्याकडून घ्यायला सुरुवात केली. मिळतील तसे पैसे मी अक्कांच्या हातात ठेवत गेले. त्या घ्यायच्या, कमरेला खोचायच्या, बोलायच्या नाहीत. आधी त्या मला दिवसातून दहा वेळा ओरडायच्या. दुकानातल्या त्या दिवसानंतर ओरडणं बंद झालं होतं. ते मला सगळ्यात जास्त लागायचं. भंगारात विकीन म्हणाल्या होत्या, पण सायकलीचं नावही काढत नव्हत्या.

काल संध्याकाळी शेवटचे पैसे झाले. अक्का शेळ्यांना पाला टाकत होत्या. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले. काय बोलायचं ते चुलीपुढे बसून पाठ केलं होतं.

"अक्का, हे घ्या. सगळं झालं."

त्यांनी हात झटकून पैसे घेतले.

"आन त्या दिवशी..." मी म्हणाले. "दुकानात. तुमाला माज्यामुळं वाकावं लागलं. मी गाडीतच सांगाय पायजे व्हतं."

अक्कांनी एका शेळीला गुडघ्याने बाजूला सारलं. "ते पैशात न्हाई बसत," त्या म्हणाल्या. पाल्याची फांदी पुढे टाकत म्हणाल्या, "सांगितलंस न्हवं आता. उशिरा का हुईना." मी तिथेच उभी. माझी मान वर होईना. मग त्यांचा आवाज एकदम पहिल्यासारखा मोठा झाला. "अगं, मग हुबी काय ऱ्हायलीस? फिटलं का न्हाई ते तरी सांग!"

"फिटलं."

"काय फिटलं? इंजान का पैसं?"

"पैसं," मी म्हणाले, आणि अक्कांनी हसत हसत नोटा पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली.